जुन्या गाड्यांच्या क्लबने लांब पल्ल्याची फेरी काढून संस्थेसाठी पैसे कसे उभे करावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात वीस जुन्या गाड्यांचा क्लब आहे, बहुतेक पद्मिनी आणि अँबेसिडर. दीड दिवसाची दमवणारी फेरी काढून एका संस्थेला पाच लाख रुपये मिळवून द्यायचे आहेत. सुरुवात कुठून करायची?

पावतीपासून करा. देणगीचा एक रुपयाही क्लबच्या खात्यात येता कामा नये. तो देणाऱ्याकडून थेट त्या संस्थेच्या, म्हणजे ट्रस्टच्या, खात्यात जावा आणि पावतीही ट्रस्टने फाडावी. क्लबने वर्गणी जमवायची म्हटली की गणेश मंडळांप्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घ्यावी लागते. शिवाय क्लबच्या नावाने दिलेल्या पैशावर देणाऱ्याला ८०जी ची करसवलत (देणगीवरची वजावट) मिळत नाही, आणि नंतर हिशेबावरून क्लबातच भांडणं लागतात ती वेगळी.

ट्रस्ट निवडताना धर्मादाय नोंदणी, १२ए (ट्रस्टच्या स्वतःच्या करमाफीची नोंदणी) आणि ८०जी यांची मुदत संपलेली नाही ना ते कागदावर बघा. मग एक पानी पत्र करा: नाव आणि चिन्ह वापरायची परवानगी, पैसे नेमके कशासाठी, पावत्या किती दिवसांत, खर्चाचा हिशेब कधी. ‘समाजकार्यासाठी’ असं मोघम लिहू नका. डायलिसिसचं एक यंत्र, शाळेची एक बस, असं बोट ठेवता येईल असं काही असलं की लोकांचा हात खिशाकडे लवकर जातो.

८०जी च्या पावतीसाठी देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि पॅन लागतो. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ती मुळातच नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा पत्रकावर कलम छापण्याआधी ट्रस्टच्या सीएला दाखवा. अमेरिकेतल्या भावाकडून पैसे मागवणार असाल तर आधी त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर बँकेमार्फत आलेली त्याची देणगी परकी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड असलं तरी, ट्रस्टकडे एफसीआरए (परकी देणगी घेण्याच्या कायद्याखालची) नोंदणी हवीच.

आता कोणत्या गाडीने किती जमवले हे कसं कळणार? यूपीआयमध्ये लिहिलेली टीप ट्रस्टच्या बँक विवरणात बरेचदा दिसतच नाही. यावर सोपा उपाय म्हणजे रकमेचे शेवटचे दोन आकडे हाच गाडीचा क्रमांक. १४ नंबरच्या गाडीला देणारा ५१४, १,०१४ किंवा ५,०१४ देतो. आपल्याकडे वर रुपया घालून देण्याची रीत आहेच, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही. फक्त गाड्यांना १ किंवा ११ हे क्रमांक देऊ नका, कारण ५०१ आणि १,१११ लोक सवयीने देतात आणि ते सगळे त्या गाडीच्या नावावर पडतात. १२ ते ३३ घ्या आणि त्यातले २१ व २५ गाळा, बरोबर वीस उरतात.

किलोमीटरमागे दोन रुपये अशी परदेशी पद्धत इथे चालवू नका. गाडी वाटेत बसली की आकडा खाली येतो, आणि फेरीनंतर वसुलीला फिरताना निम्मे लोक फोन उचलत नाहीत. ठोक रक्कम घ्या, निघण्याआधी घ्या.

उद्दिष्टाबद्दल स्पष्टच सांगतो. पाच लाख कमी आहेत. खाली दिलेल्या मार्गावर साधारण ८५० किलोमीटर होतात. गाडी लिटरला दहा-अकरा देते असं धरलं तर ८० लिटर पेट्रोल, म्हणजे आठ हजारांच्या वर. मुक्काम आणि जेवण चार हजार, सामायिक खर्चाचं प्रवेशशुल्क चार हजार. एका गाडीमागे सोळा हजार, वीस गाड्यांचे सव्वातीन लाखांच्या जवळ. मग कोणी तरी विचारणारच की पाच लाख जमवायला सव्वातीन लाख का जाळले, तेच द्यायचे होते. म्हणून दर गाडीला किमान पन्नास हजार, एकूण दहा लाख ठेवा. गाडीमागे चाळीस माणसं गाठली आणि सरासरी साडेबाराशे मिळाले की झालं. आणि पत्रकावर ठळक लिहा: फेरीचा सगळा खर्च सहभागी लोक स्वतः करतात.

दारावर दुकानाचं स्टिकर लावून मिळणारे पैसे ही देणगी नव्हे, जाहिरात आहे. ते क्लबने बिल देऊन घ्यावेत आणि त्यातून टो-ट्रकचा (बंद पडलेली गाडी नेणाऱ्या ट्रकचा) खर्च भागवावा.

या प्रकारातला जुना नमुना ब्रिटनमधल्या क्लब ट्रायम्फ या ट्रायम्फ गाड्यांच्या क्लबचा. दर दोन वर्षांनी ते ‘राउंड ब्रिटन रिलायबिलिटी रन’ काढतात: ४८ तासांत सुमारे २,००० मैल, वर उत्तर टोकाचं जॉन ओ’ग्रोट्स, खाली नैऋत्य टोकाचं लँड्स एंड, आणि त्यातून दानासाठी निधी. कल्पना जरूर घ्या, पण नाव घेऊ नका. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘रिलायबिलिटी ट्रायल’ (गाडी न बिघडता वेळेत पोचते का याची चाचणी) आणि संघटित शर्यत यांना संरक्षण नाही असं छापलेलंच असतं. वेळेचे गुण, दंड, पहिला-दुसरा नंबर असलं काही ठेवलंत तर अपघातानंतर विमा कंपनी निमंत्रणपत्रिकाच पुढे ठेवेल. तरी ठेवायचं असेल तर अशा ट्रायल-रॅलीला संरक्षण देणारी आयएमटी ३१ ही विम्याची पुरवणी आधी लिहून घ्या. वेगाची स्पर्धा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय गुन्हाच आहे. नुसती ‘फेरी’ म्हणा आणि शेवटी पोचलेल्या गाडीचं जास्त कौतुक करा.

त्याच पॉलिसीत भाड्याने वापरायलाही मनाई असते. थांब्यावर ‘दोनशे रुपयांत अँबेसिडरमधून चक्कर’ ही कल्पना प्रत्येक क्लबात कोणाला तरी सुचतेच, तिथल्या तिथे मोडून काढा. लकी ड्रॉची कूपनंही नकोत, परवानगीशिवाय सोडत काढणं बेकायदा आहे. पन्नास वर्षांवरची, ‘व्हीए’ मालिकेत नोंदलेली गाडी कोणाकडे असेल तर तिला रॅली आणि प्रदर्शनासाठी रस्त्यावर येता येतं, रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. निमंत्रणाची प्रत त्या गाडीत ठेवा.

मार्ग असा सुचवतो. शनिवारी पहाटे पाचला पुणे, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, कणकवलीला मुक्काम. रविवारी पहाटे पाचला निघून चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, संध्याकाळी पाचच्या सुमारास पुणे. छत्तीस तास होतात. संध्याकाळी अंधार पडल्यावर चालवायचं नाही, यात तडजोड नको. फेरी जानेवारीत काढलीत तर गळीत हंगाम चालू असतो आणि कराड-कोल्हापूर पट्ट्यात मागे दिवा नसलेल्या उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्यावर असतात. जुन्या गाडीच्या मिणमिणत्या हेडलाइटमध्ये त्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पोलिसांना पत्रं सात जिल्ह्यांत द्यावी लागतील: पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, आणि निपाणी कर्नाटकात असल्यामुळे बेळगाव. बेळगावचं हमखास विसरतं.

दोन घाट दोन तऱ्हांनी छळतात. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना ड्रम ब्रेक तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. वरच थांबून दुसरा गिअर टाका, त्यातच खाली या. कुंभार्ली चढताना इंजिन तापतं, म्हणून तो सकाळी दहाच्या आत चढायचा. ब्रेक ऑइल दोन वर्षांवरचं असेल तर फेरीआधी बदला, त्याने ओल धरलेली असते आणि उतारावर ते उकळतं.

चढावर गाडी अचानक बंद पडली आणि एसी पंप (इंजिनावरचा पेट्रोलचा पंप) हाताला चटका देत असेल तर पेट्रोलची वाफ अडकली आहे. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं थांबा. लोक घाईने कार्ब्युरेटर उघडतात आणि चांगली गाडी बिघडवून ठेवतात. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा मऊ पडून फुटतात. इथेनॉलला टिकणारे पाइप सगळ्या गाड्यांना सक्तीचे करा, गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग. प्रत्येक गाडीत दोन किलोचं अग्निशामक हवं, डिकीत नव्हे, सीटपाशी.

तपासणी तीन आठवडे आधी ठेवा. आदल्या दिवशी दोष सापडला तर पार्ट मिळत नाही आणि भिडेखातर गाडी सोडली जाते. टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूचा चार आकडी शिक्का आठवडा आणि वर्ष सांगतो, सात वर्षांवरचा टायर परत पाठवा. दर पाच गाड्यांमागे एक पिशवी: सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटचे दोन सेट, दोन कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्यूटर कॅप, फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज पाइप, पंपाचा किट, क्लॅम्प, दहा लिटर पाणी. कंडेन्सर दोन सांगतो, कारण नव्या डब्यातलाही निघता निघता दगा देतो. एका गाडीत दोन चालक, दोन तासांनी अदलाबदल. टो-ट्रक ताफ्याच्या शेवटी आणि मेकॅनिक मधोमध.

कोल्हापूरचा दीड तासाचा थांबा शाळेच्या मैदानावर घ्या. गाड्यांपुढे ट्रस्टचा क्यूआर आणि ट्रस्टचाच माणूस पावतीपुस्तक घेऊन. कुलूपबंद पेटी ठेवलीत तर ती दोघांच्या सह्यांनी तिथेच मोजा, पण तिच्यावर भर देऊ नका. निनावी देणग्या एका मर्यादेपुढे गेल्या, म्हणजे एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के यांतलं जे जास्त असेल त्यापुढे, तर ट्रस्टला त्यावर ३० टक्के कर पडतो.

परतल्यावर पंधरा दिवसांत गाडीनिहाय आकडे, क्लबचा खर्च आणि ट्रस्टच्या खात्यात जमा झालेली रक्कम एका पानावर सगळ्या देणगीदारांना पाठवा. ज्या गाड्या टो-ट्रकवर आल्या त्यांचीही नावं त्यात असू द्या. त्यांच्या देणगीदारांनी पूर्ण रक्कम आधीच दिलेली असते.