चैत्रातल्या कविता मोठ्यानं वाचा

प्रश्न : पाडव्याला दोन कवितासंग्रह घेतले. मुक्तछंदातला नवा संग्रह तासाभरात वाचून झाला, पण लक्षात काही राहिलं नाही. जुन्या वसंतकविता वाचताना तर सारखं अडखळायला होतं. काय चुकतंय?

उत्तर : दोन्ही पुस्तकं तुम्ही मनातल्या मनात वाचलीत. कवितेला आवाज लागतो.

आधी जुन्या कवितेचं बघू. वसंताचं नाव मिरवणारं वृत्तच घ्या, वसंततिलका. ओळीत 14 अक्षरं, त-भ-ज-ज हे गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, आणि शेवटी दोन गुरू. चाल अशी ('गा' म्हणजे गुरू, लांब उच्चाराचं अक्षर; 'ल' म्हणजे लघू, आखूड उच्चाराचं) : गागाल गालल लगाल लगाल गागा. नमुन्याला ही ओळ रचली आहे :

आला वसंत फुलला पळसावरी हा

आठव्या अक्षरावर, म्हणजे 'फुलला' म्हणून झाल्यावर, किंचित थांबा. आता अडतं कुठे? बोलताना आपण शब्दातला 'अ' गिळतो. 'वसंत् फुल्ला पळ्सावरी' असं तोंडून गेलं, की 14 अक्षरांची 11 उरतात आणि चाल मोडते. वृत्तात 'त', 'ल', 'ळ' पूर्ण उच्चारायचे. गुरूला लघूच्या दुप्पट वेळ द्यायचा. आधी पाच-सहा वेळा नुसतं 'गागाल गालल' म्हणा, मग शब्द घाला. जोडाक्षराआधीचं अक्षर आघात आला तरच गुरू होतं : 'पुष्प'मधला 'पु' गुरू, 'तुझ्या'मधला 'तु' मात्र लघूच. हे एकदा कानात बसलं की गण मोजावे लागत नाहीत, आणि तो आनंद फार मोठा आहे!

मुक्तछंदात ठरावीक चाल नसते, पण कवीनं ओळ जिथे तोडली तिथे हेतू असतो. वाक्य पुढे चालू असलं तरी ओळीच्या शेवटी अर्धा श्वास थांबा. दिवसाला दोनच कविता, सकाळी एकदा आणि रात्री पुन्हा त्याच. तासात अख्खा संग्रह संपवला की एका कवितेचा सूर दुसरीत मिसळतो.

प्रश्न : नवीन पुस्तक पूर्ण उघडलं की पानं सुटतात. उपाय?

उत्तर : डिंकाच्या बांधणीचं पुस्तक एकदम मधोमध उघडू नका, पाठीवरचा डिंक तिथेच तडकतो. पुस्तक पाठीवर उभं धरा. दोन्ही मुखपृष्ठं टेबलावर टेकवा. मग आठ-दहा पानं पुढची, तेवढीच मागची, अशी आलटून-पालटून मध्यापर्यंत हलक्या बोटानं दाबत जा. बंद गाडीत, उन्हात पुस्तक ठेवू नका. उष्णतेनं डिंक मऊ पडतो.

पृष्ठक्रमांकही तेव्हाच तपासून घ्या. पुस्तक बहुधा 16 पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीतून झालेल्या गठ्ठ्यांनी, बांधतात, त्यामुळे चूक झाली तर एखाददुसरं पान नाही, अख्खा फर्माच गळतो किंवा दोनदा येतो. असं पुस्तक दुकानदार बदलून देतात, फक्त पावती जपून ठेवा आणि तोवर पुस्तकावर नाव घालू नका.