आईंनाच विचारा, आणि डॉक्टरांकडून फाईलमध्ये लिहून घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली. आईंची किडनी पाचव्या, म्हणजे शेवटच्या स्टेजला, डायलिसिस चालू, आणि डॉक्टरांनी "पुढे काय करायचं, काय नको, ते आईंनाच विचारून ठेवा" म्हटल्यावर घरात भांडण पेटलं. थोरला म्हणतो डॉक्टरांनी हात वर केले, धाकटा म्हणतो आईला यातलं काही सांगायचंच नाही. तुमच्या निपाणीच्या जागी खानापूर तालुका घाला, ही आमच्याच घरची गोष्ट.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. अप्पांना डायलिसिसला ने-आण करणारा मुलगा, एवढीच माझी लायकी. कायद्याचं वकिलाकडून पक्कं करून घ्या.

डॉक्टरांनी हात वर केलेले नाहीत. उलट असं विचारणारा डॉक्टर मिळाला हे नशीब समजा. आणि धाकट्या भावाला विचारा, आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास सुया टोचून पडणाऱ्या बाईला आपल्याला काय झालंय ते कळत नसेल होय? अप्पांना सगळं कळत होतं. विचारलं तेव्हा फिस्टुल्याचा (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशननं शिरा जोडलेला) हात मांडीवर घेऊन म्हणाले, "मशीनवर जमतंय तवर येतो की. पण घशात नळी घालून ठिवू नगासा." आम्ही धरून चाललो होतो की एक तर सगळं हवं, नाही तर काहीच नको. अशी मधली वाट त्यांनी मनात आखून ठेवली असेल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

डायलिसिसवरून आल्या दिवशी विचारू नका. बीपी उतरलेलं असतं, पाय वळत असतात, माणूस गळून गेलेला असतो. मधल्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर. "जगायचंय का" असलं काही नको. कशाची भीती वाटते, घरी राहायचं की दवाखान्यात, आणि तुला बोलता आलं नाही तर आमच्यातल्या कुणाचं ऐकायचं, एवढं पुरे. शेवटचा प्रश्न सोडू नका. इन्फेक्शन झालं किंवा रक्तात घाण साचली की माणूस बरळायला लागतो, मग विचारून उपयोग नाही. आज दिलेलं उत्तर पुढे कधीही बदलता येतं, हेही आईंना सांगा.

भावांना आणखी एक सांगा. डायलिसिस थांबवलं म्हणजे उपचार थांबले असं नाही. दम, खाज, मळमळ, दुखणं यांवर औषधं चालूच राहतात. (मॉर्फिन किडनी बंद असताना अंगात साचतं, म्हणून डॉक्टर बहुधा दुसरं औषध निवडतात. ते त्यांच्यावर सोडा.) थांबवल्यावर साधारण आठवडा-दोन आठवडे, लघवी थोडीफार होत असेल तर जास्तही. आणि ज्यांचं अजून सुरू व्हायचंय, त्यांना ठरावीक मुदतीपुरतं करून बघून मग ठरवता येतं. हे फार जणांना कुणी सांगतच नाही.

आता कागदाचं. बोलता येईनासं झालं तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा इच्छेचा कागद (लिव्हिंग विल) सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये मान्य केला, जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. कर्नाटक सरकारनंही जानेवारी 2025 मध्ये त्यासाठी आदेश काढलाय. इंजेक्शन देऊन मरण आणणं याच्याशी ह्याचा काडीचाही संबंध नाही. पण एक प्रत आपल्या स्थानिक संस्थेतल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, आणि घोडं तिथंच अडलं.

कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. टेबलावरच्या माणसानं कागद उलटसुलट केला, मराठीत आहे म्हणून बाजूला सारला. कन्नडमध्ये करून नेला तर म्हणे, "हे आत्महत्येचं प्रकरण दिसतंय, आधी पोलिसांची एनओसी आणा." साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, मग साहेबच बदलले. अप्पा शेजारी बाकड्यावर काठी धरून बसलेले. जन्मात ठाण्याची पायरी न चढलेला माणूस, त्याच्यासमोर पोलिसांचं नाव. घरी येऊन म्हणाले, "फाडून टाक त्यो कागूद." त्यानंतर विषयच काढू देईनात. पुण्याच्या माझ्या भावाशी ते स्वतः बोलणार होते, ते राहिलंच. त्या टेबलाला मी अजून माफ केलेलं नाही. एक आवक शिक्का मारायला काय जात होतं?

पुढे एका रात्री दम लागला, जवळच्या हॉस्पिटलात नेलं, तिथं घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. भाऊ आला आणि म्हणाला, "सगळं करा." मी कागद काढला तर काउंटरवर विचारतात, आवक शिक्का कुठाय? कामी आलं ते वेगळंच. डायलिसिसच्या डॉक्टरांनी कधीच फाईलमध्ये तारीख घालून चार ओळी लिहिल्या होत्या: पेशंटशी बोललो, मुलगा हजर, डायलिसिस चालू ठेवायचं, व्हेंटिलेटर नको. भावानं त्या वाचल्या, आणि त्याचा विरोध तिथंच संपला. मग उपचार थांबवायचे का ते तपासणारे डॉक्टरांचे दोन बोर्ड वगैरे रीतसर झालं. ते होतंच, कागद असला तरी.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: शिक्क्याच्या मागे लागा, पण त्यासाठी थांबू नका. पुढच्या डायलिसिसलाच डॉक्टरांना या चार ओळी लिहायला सांगा, आणि डिस्चार्ज कार्डावरही उतरवायला लावा. फाईलचा फोटो सगळ्या भावंडांच्या फोनमध्ये. आपल्याकडे पेशंट एका जागी थोडाच राहतो? आज बेळगाव, उद्या कोल्हापूर, नाहीतर मिरज, हुबळी. कोर्टाचा निकाल कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडे सारखाच लागू आहे, हद्द ओलांडताना अडतं ते योजनेचं कार्ड. महाराष्ट्र सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना कर्नाटकातल्या 865 सीमावर्ती गावांना देण्यावरून काय रामायण झालं ते तुम्हाला सांगायला नको. इच्छेचा कागद आणि कार्डाची भानगड एकाच काउंटरवर एकदम काढू नका, दोन्ही लटकतात. मराठी मूळ प्रतीसोबत कन्नड आणि इंग्रजी प्रत ठेवा.

जाता जाता, भेटायला येणाऱ्यांना शहाळं आणू देऊ नका. आमच्याकडे प्रत्येक पाहुणा दोन शहाळी घेऊन हजर, वर "थंड असतंय, पाजा की." त्यातलं पोटॅशियम डायलिसिसच्या माणसाच्या हृदयावर येतं. फिस्टुल्याच्या हाताला बीपीचा पट्टाही बांधू देऊ नका, नर्स नवीन असली तर स्वतः सांगा.

थोरल्या भावाला पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसवा, तुम्ही समजावत बसू नका. आमच्या कागदाचा मराठी-कन्नड मसुदा हवा असेल तर मेसेज करा, नावगाव काढून पाठवतो.