आईला विसरायला होतंय, अल्झायमरची नवी रक्तचाचणी लगेच करावी का?

प्रश्न थोडक्यात असा: आई इंदूरला असते, वय ७१, दिवसातून चारदा तेच विचारते, सराफ्यातून परतताना एकदा वाट चुकली. पी-टाऊ २१७ या, अल्झायमरमध्ये रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची रक्तचाचणी लगेच करून घ्यावी का?

लगेच नको. त्याआधी साध्या चाचण्या करून इलाज होण्यासारखं काही सापडतंय का ते बघा.

बी-१२ पासून सुरुवात करा. शाकाहारी घर, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा रोजची ॲसिडिटीची गोळी असेल तर ते कमी असू शकतं. चूक होते ती इथे: अशक्तपणा म्हणून आधी बी-१२ ची इंजेक्शनं घेतात, मग रक्त देतात. आकडा चढलेला येतो आणि कमतरता झाकली जाते. मग थायरॉइडची टीएसएच चाचणी. तिच्या आधी केसांसाठीचं बायोटिन दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. सोबत साखर, सोडियम आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. सर्दीची क्लोरफेनिरामिन, झोपेची अल्प्राझोलाम, लघवीच्या घाईवरची ऑक्सिब्युटिनिन, अशा गोळ्यांनीही स्मरण मंदावतं. मात्र आपल्या मनाने काही थांबवू नका. अल्प्राझोलाम एकदम सोडली तर झटके येऊ शकतात.

मग स्मरणाची तपासणी. इंदूरला ती सहसा हिंदीत होईल, आणि माझ्या मते घोळ इथेच होतो. जन्मभर घरात मराठी बोललेल्या बाईंना हिंदी शब्द ऐकवून पाच मिनिटांनी विचारलं, तर गुण भाषेपायीही जातात. स्मरण आणि विचारशक्ती तपासणारी 'मोका' चाचणी ३० गुणांची, २६ च्या खाली शंका. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. मराठी आवृत्ती मागा. त्याआधी कान तपासा, मळ काढून घ्या, चष्मा सोबत ठेवा. शब्द ऐकूच आला नाही तर तो आठवणार कुठून?

एमआरआय त्यानंतर, हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मरणाचा भाग, नीट दिसेल असे कोरोनल (समोरून दिसणारे उभे) छेद घ्यायला सांगा.

आता तुमची रक्तचाचणी. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्य केलेली चाचणी पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा ४२ यांचं गुणोत्तर काढते, तेही ५५ वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या रुग्णांसाठी. मेंदूत अमायलॉइड हे अल्झायमरशी जोडलेलं प्रथिन साचलंय का, एवढंच त्यावरून कळतं. ते लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचत असतं, म्हणून पॉझिटिव्ह आलं की विसरण्याचं कारण सापडलंच असं धरू नका. मान्यतेसाठी तपासलेल्या ४९९ नमुन्यांत पाचांतल्या एकाहून थोडे कमी निकाल अधांतरीच राहिले. मूत्रपिंड कमजोर असेल तर पी-टाऊ तसाही वाढलेला दिसतो. वर क्रिएटिनिन करायला सांगितलं ते यासाठीही.

हे सगळं महिन्यांच्या गतीने वाढणाऱ्या विसरण्यासाठी. बदल चार-आठ दिवसांत झाला असेल, किंवा मागच्या काही आठवड्यांत पडून डोक्याला मार बसला असेल, तर चाचण्यांची यादी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.