वाचक विचारतात : रक्त घ्यायचे, जीव नाही

प्रश्न : कृष्णवर्णीय समलिंगी नायिका असलेली व्हॅम्पायरकथा वाचायची आहे, सुरुवात कोठून करावी? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ज्युएल गोमेझ यांच्या ‘द गिल्डा स्टोरीज’ (१९९१) या इंग्रजी कादंबरीपासून करावी. गुलामगिरीतून पळालेली एक मुलगी १८५० मध्ये अमेरिकेतील लुइझियानात आश्रय घेते, पुढे व्हॅम्पायर होऊन अमरत्व आणि ‘गिल्डा’ हे नाव स्वीकारते आणि कथा थेट २०५० पर्यंत पोहोचते. गिल्डा माणसाचे रक्त घेते खरी, पण त्याला न मारता त्याच्या मनात डोकावून, त्याला हवे असलेले स्वप्न किंवा उभारी मोबदल्यात ठेवून जाते. संरक्षणासाठी जन्मभूमीची माती ती कपड्यांत शिवून बाळगते. ‘कार्मिला’ या जुन्या व्हॅम्पायरकथेत (१८७२) स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम जीवघेणे ठरते, येथे मात्र त्यातूनच कुटुंब उभे राहते. कथानक (आमच्या मते) मध्येमध्ये रेंगाळते. भयकथेच्या अपेक्षेने वाचू नये.