गटाचं कर्ज, तिसरं बोअर आणि अकरा शेळ्या

माण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. डाळिंबाची बाग अवकाळी पावसानं आणि तेल्या रोगानं गेली, दोन बोअर आटली. घर चालतंय ते त्यांच्या अकरा शेळ्यांवर. आता मालक म्हणतात, तिसरं बोअर मारू. निम्म्या शेळ्या वीक, कमी पडतील ते पैसे तुझ्या बचत गटातून उचल. सासूबाई म्हणतात, पुरुषाला आडवं जाऊ नये. ताई विचारतात, काय करू?

ताई,

गटातून कर्ज काढू नका. बाकी सगळ्यावर घरात बोलणी होऊ शकतात, यावर नाही. पाणी लागो न लागो, हप्ता सुरूच होणार. तो थकला की झळ गटातल्या सगळ्यांना, आणि विचारायला तुमच्याच दारात येणार त्या बायका, ज्यांच्यासोबत तुम्ही भांगलायला जाता. सातबारा मालकांच्या नावावर आहे ना? मग कर्जही त्यांनी गावच्या विकास सोसायटीत स्वतःच्या नावावर मागावं. (तिथं किती उत्साह टिकतो तेही कळेल.)

आता बोअरचं. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळं आणखी खोल गेलं म्हणजे लागेलच असं नाही. शिवाय २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली जायला मनाई आहे. गाडीवाला हे सांगणार नाही, त्याला फुटावर पैसे मिळतात. हातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्याला बोलावण्याआधी मालकांना साताऱ्याला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात एकदा जाऊन यायला सांगा. हल्ली पाऊस आठवडेच्या आठवडे दडी मारतो आणि मग एका रात्रीत कोसळून ओढ्यानं निघून जातो. ते पाणी गाळून जुन्या बोअरमध्ये उतरवता येईल का, हेही तिथं विचारावं.

मालकांचा मला राग येत नाही. बागाईतदार म्हणून गावात वावरलेल्या माणसाला घर बायकोच्या शेळ्यांवर चालतं हे पचायला जड जातं, आणि तिसरं बोअर बरंचसं त्यासाठीच आहे. म्हणून सासूबाईंसमोर हा विषय काढूच नका. दोघंच असताना वही घ्या. बोकड कितीला गेले, किराणा आणि मुलांची फी कशातून भागली, दोन बोअरला किती लागले, सगळं त्यांच्याच हातानं लिहू द्या. तुम्ही मांडलंत तर ते टोमणे वाटतील.

त्यांचा मान राखायला काही द्यावंच लागलं, तर बकरी ईदच्या तोंडावर दोन बोकड विका, तेव्हा भावही बरा मिळतो. गाभण शेळी आणि पाठी, म्हणजे मादी करडं, मात्र दावणीलाच राहू द्यात. त्या गेल्या तर पुढच्या वर्षी विकायला काय उरणार? आणि कर्ज लागलंच तर शेळ्यांसाठी घ्या, तुमच्या नावावर, तुमच्या हिशेबात. किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालनालाही मिळतं. म्हसवडला १९९७ पासून माणदेशी महिला बँक आहे, तिथंही चौकशी करा.

आणखी एक, हे तुम्ही विचारलेलं नाही. लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. वही मांडायला बसाल त्याच दिवशी नको, तेवढं एका बैठकीत कुणालाच झेपणार नाही. पण मालक पुन्हा कधी तुमच्या सहीसाठी आले, की तलाठ्याकडं जायची गोष्ट काढा. सही हवी असेल तर नावही हवं, एवढं म्हणायला तुम्हाला कुणाला आडवं जावं लागत नाही.

उन्हाळ्यात शेळ्या दुपारी उन्हात नेऊ नका, सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर न्या. न्हाणीच्या पाण्यावर चाऱ्यासाठी शेवरी लावा, तेवढीच पायपीट वाचेल. आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस राहिली असेल तर जनावरांच्या दवाखान्यात या आठवड्यातच जाऊन या.