क्यूटी मोज, कंबरही मोज

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र वाचलं. ईसीजीवर क्यूटीसी, म्हणजे ठोक्याची विद्युत लहर सुरू होऊन शमेपर्यंतचा, नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला वेळ, ४७८ मिलिसेकंद आला म्हणून रात्रपाळीच्या डॉक्टरांनी भास-भ्रमांवरचं हॅलोपेरिडॉल बंद केलं आणि दोन-तीन दिवसांत पेशंटला पुन्हा आवाज ऐकू यायला लागले. यात चूक कुणाची, असं तू विचारतेस. चूक कुणाची ते राहू दे, काय करायला हवं होतं ते सांगतो.

४७८ पाहून गोळी तडकाफडकी थांबवायची नसते आणि कागद फायलीत सारून मोकळंही व्हायचं नसतं. आधी नाडी बघ. अस्वस्थ पेशंटची नाडी ११०च्या आसपास असते. मशीन बहुधा बॅझेटच्या सूत्राने हिशेब करतं आणि नाडी जलद असली की ते सूत्र आकडा फुगवून दाखवतं. ईसीजीची पट्टी हातात घेऊन स्वतः मोज आणि फ्रिडेरिशियाच्या सूत्राने पुन्हा काढ. मग पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. मग औषधांची सगळी यादी, आपण लिहिलेली तेवढीच नाही. उलटीसाठी कुणी ऑन्डॅनसेट्रॉन दिलंय का, खोकल्यासाठी अझिथ्रोमायसिन सुरू आहे का? तीही क्यूटी लांबवतात. आकडा ५००च्या वर गेला किंवा आधीच्या ईसीजीपेक्षा ६० मिलिसेकंदांनी वाढला, तर मात्र वाट बघू नकोस. हृदयरोगतज्ज्ञांना बोलव आणि औषध बदल. क्यूटी फार लांबला तर हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते, हा धोका कागदी नाही. थायोरिडाझिन हे भास-भ्रमांवरचं जुनं औषध २००५मध्ये मूळ कंपनीने जगभरातून मागे घेतलं ते याचमुळे, आणि २०११मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी नैराश्यावरच्या सिटॅलोप्रॅमला दिवसाला ४० मिलिग्रॅमची मर्यादा घातली तीही याचमुळे.

आता तू न विचारलेलं सांगतो, कारण माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे. क्यूटी आपल्याला घाबरवतो, पण आपले बहुतेक पेशंट त्याने जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात. त्यात आत्महत्या आहेतच, पण मोठा वाटा शरीराच्या आजारांचा, आणि त्यात हृदयविकार पुढे. हे मरण संथ असतं, म्हणून कुणाच्या राउंडमध्ये दिसत नाही.

आजार स्वतःच हृदयावर भार टाकतो. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल चढं राहतं, शरीरात दाह राहतो, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात, झोप मोडते, हालचाल थांबते, सिगारेट वाढते. त्यावर आपण भास-भ्रमांसाठी ओलान्झापिन किंवा क्लोझापिन लिहितो. या औषधांवर माणसाचं पोट भरल्यासारखं वाटतच नाही. वजन सर्वांत झपाट्याने चढतं ते पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे घरचे ‘आता शांत झालाय’ म्हणून खूश असतात तेव्हाच. म्हणून पहिल्या दिवशीच वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) लिहून ठेव. वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी. रक्तदाब, साखर आणि लिपिड १२ आठवड्यांनी पुन्हा. मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ झाली की औषध बदलण्याचा विचार कर. बदलणं शक्य नसेल तर मधुमेहावरचं मेटफॉर्मिन लवकर आण. साखर बिघडायची वाट बघत बसू नकोस. टेप खिशात ठेव. वॉर्डातली टेप कधीच सापडत नाही.

कुणीतरी म्हणेल, मग ही औषधंच बंद करा. फिनलंडमधल्या सरकारी नोंदींवरचा, ११ वर्षांच्या पाठपुराव्याचा अभ्यास २००९मध्ये आला. त्यात स्किझोफ्रेनियाच्या ज्या पेशंटनी औषध घेतलंच नाही त्यांचे मृत्यू जास्त निघाले आणि क्लोझापिनवाल्यांचे सर्वांत कमी. त्याच्या पद्धतीवर टीका झाली आहे, ती वाच. तरी औषध न देणं म्हणजे हृदय वाचवणं, हे काही खरं नाही.

क्लोझापिनबद्दल एक वेगळी सूचना. पहिल्या महिना-दोन महिन्यांत ताप, धाप किंवा छातीत दुखणं आलं तर मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह, मनात आण, ट्रोपोनिन आणि सीआरपी या रक्ततपासण्या पाठव. नुसती जलद नाडी या औषधावर नेहमीचीच. तेवढ्यावरून घाबरू नकोस, पण तेवढ्यावर थांबूही नकोस.

हृदयाकडून मनाकडे अशी उलटी दिशाही आहे. हार्ट अटॅकनंतर नैराश्यात गेलेल्यांचे पुढच्या सहा महिन्यांतले मृत्यू कितीतरी जास्त असतात, हे कॅनडातल्या १९९३च्या अभ्यासाने दाखवलं. अशा पेशंटना नैराश्यावरचं सरट्रालिन सुरक्षित आहे, हे २००२पासून माहीत आहे. पण २००३च्या एका मोठ्या चाचणीत समुपदेशनाने मन सुधारलं, आयुष्य मात्र वाढलं नाही. तेव्हा नैराश्यावर उपचार कर ते नैराश्यासाठी. हृदयाची खोटी हमी देऊ नकोस. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असेल तर एसएसआरआयने, म्हणजे सरट्रालिनच्या गटातल्या औषधांनी, रक्तस्रावाचा धोका वाढतो. नाडी मंदावणाऱ्या मेटोप्रोलॉलवर याच गटातलं फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन घातलंस तर नाडी फार मंद होऊ शकते. अटॅकनंतर लगेच ॲमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या जुन्या औषधाच्या वाटेला जाऊ नकोस.

फाइलवर ‘स्किझोफ्रेनिया’ लिहिलं की छातीतलं दुखणंही ‘घाबरल्यामुळे’ ठरतं. हार्ट अटॅक आलेल्या मनोरुग्णांवर अँजिओप्लास्टी, बायपाससारखे उपचार इतरांपेक्षा कमी होतात, असं अमेरिकेतल्या २०००च्या अभ्यासात दिसलं होतं. तुझा पेशंट भ्रमाच्या भाषेत बोलेल, ‘छातीत कुणीतरी तार घातलीय’ म्हणेल. तरी ईसीजी काढ. ‘मनोरुग्ण आहे हो’ म्हणून कुणी परत पाठवला तर त्याच्यासोबत तू स्वतः जा.

आणि सिगारेट. सोडवायचीच, त्यात दुमत नाही. फक्त पेशंट क्लोझापिन किंवा ओलान्झापिनवर असेल तर सोडण्याचा दिवस तुला आधी कळायला हवा. तंबाखूच्या धुराने यकृत ही औषधं भराभर संपवतं. धूर थांबला की काही दिवसांतच रक्तातली पातळी चढते. निकोटिनचा पॅच लावला तरी ती चढणारच, कारण परिणाम धुरातल्या रसायनांचा आहे, निकोटिनचा नाही. धूम्रपानबंदी असलेल्या वॉर्डात भरती झालेल्या पेशंटला तर कुणी विचारतही नाही, आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी तो एवढा पेंगतो का, याचं कोडं पडतं. भरतीच्या वेळीच विचार, आणि डोस कमी करायची तयारी ठेव.

तुझे,
सर