आईला आधीच कसं कळतं?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ बोटीवर कामाला आहे, सहा-सहा महिने घरी नसतो. गेल्या महिन्यात आई पहाटे तीनला उठून बसली आणि म्हणाली, बाबूला बरं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, दोन दिवस तापाने पडून होता. याला टेलिपथी म्हणायचं का?
– एक भगिनी, डिचोली

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मला हान्स बर्गर आठवले. हे जर्मन डॉक्टर, तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडले, तोफेच्या चाकाखाली जाता जाता वाचले, आणि त्याच दिवशी घरून वडिलांची तार, बरा आहेस ना म्हणून, कारण तिकडे लांब बहिणीच्या जिवाची एकदम घालमेल झाली होती. बर्गरना वाटलं आपली भीती तिच्यापर्यंत पोचली. ती कशी पोचली हे शोधायच्या ध्यासातून त्यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली, तोच आपला ईईजी. पण ही वीज इतकी क्षीण की डोक्याला तारा चिकटवल्या तेव्हा कुठे सापडते, समुद्र ओलांडून डिचोलीला कुठली यायला. २०१४ मध्ये तिरुवनंतपुरमहून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला एका मेंदूतून दुसऱ्यात ‘होला’ आणि ‘चाव’ हे स्पॅनिश-इटालियन नमस्काराचे शब्द पोचवले खरे, पण दोन्हीकडे यंत्रं होती नि मध्ये इंटरनेट.

मग आईला कळलं कसं? मला वाटतं आधीच्या फोनवरच. घसा बसलेला असेल, "जेवलो गे आई" म्हणताना जरा अडखळला असेल, व्हिडिओ कॉल नको म्हणाला असेल... तुमच्या लक्षातसुद्धा आलं नसेल, पण तो आईचा कान, ते मनात घोळत राहतं आणि पहाटे जाग येते. माझी आई मी दारात चप्पल काढायच्या आत विचारायची, काय झालं रे. पायांच्या आवाजावरून ओळखायची. म्हणून आईला वेड्यात काढू नका, तिने काहीतरी खरंच ऐकलेलं असतं.

आणि हो, ती उठून बसली आणि बाबू ठणठणीत होता अशा रात्रीही असतील, त्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत. तेव्हा तिच्या उशाशी एक वही ठेवा, जाग आली की तारीख, वेळ, काय वाटलं ते लगेच लिहायचं, फोन लावायच्या आधी. खरं ठरो न ठरो, सगळं लिहायचं. बाबू सुट्टीवर आला की तिघं मिळून वाचा आणि मला कळवा. आणि त्याला सांगा, ताप आला तर त्याच दिवशी आईला मेसेज टाक बाबा.